घाम फुटला ती वेळ

होळीच्या आसपास मुरबाड-शहापूरकडच्या बाया कवळाचे भारे डोक्यावर घेऊन माळावरून उतरताना दिसतात. तोडलेल्या फांद्या, सुका पाला, शेणी यांचे थर भाताच्या रोपांच्या जागेवर रचायचे, वर माती भुरभुरायची आणि पावसाच्या आधी पेटवून द्यायचं. याला आमच्याकडे राब भाजणं म्हणतात. हे कवळ कितीतरी दिवस बांधावर वाळत पडलेलं असतं आणि त्याच्या सावलीला तांबडा विंचू राहायला येतो. मग कधी भारा बांधताना बोटाला, कधी डोक्यावर घेतल्यावर मानेला, तर कधी सरपणाबरोबर घरात येऊन रात्री चुलीपाशी बसलेल्या पोराच्या पावलाला तो नांगी मारतो.

या भागात विंचू दोन तऱ्हेचे ओळखतात. एक काळी इंगळी. तळहाताएवढी, चकचकीत, दिसली की अंगावर काटा येतो. तिच्या दंशाने आग होते, पण जीव सहसा जात नाही. दुसरा तांबडा. बोटभर लांब, पिवळट-तांबूस, काटकुळ्या आकड्यांचा, कौलाच्या तुकड्याखाली दिसलाच तर वाळली काडी वाटावी असा. इंगळीला भिणारी माणसं याला चपलेने मारून पुढे जातात. कोकणच्या तांबड्या मातीत ज्याने माणसं मारली तो हाच. डेन्मार्कच्या फॅब्रिसियस या निसर्गअभ्यासकाने १७९८ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं. आज ते हॉटेन्टोटा टॅम्युलस असं आहे. डॉक्टरांच्या जुन्या लेखांत तो ब्यूथस किंवा मेसोब्यूथस टॅम्युलस म्हणून भेटतो.

लहानपणी शेजारच्या घरातला एक मुलगा मी विंचवाने गेलेला पाहिला आहे. रात्री भगत आला, धुनी झाली, कांदा चोळला. मुलगा आधी ओरडत होता, मग शांत झाला. त्याला दोनदा उलटी झाली. नंतर अंगातून घामाच्या धारा लागल्या, अंथरूण भिजलं. माझ्या आजीने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याच्या आईला म्हणाली, "घाम फुटला गं, आता उतरंल." तिथे जमलेल्या सगळ्यांचा तोच समज होता. विष घामावाटे निघून चाललं आहे, असं सगळ्यांना वाटलं. पहाटेआधी त्याच्या तोंडाला गुलाबी फेस आला.

घामाचा अर्थ आम्ही उलटा लावला होता, हे मला फार वर्षांनी कळलं. तो सुलटा लावणारा माणूस त्याच कोकणपट्टीत, दक्षिणेला महाडजवळ, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बसला होता. आणि त्या घामामागचं कारण शोधणारी माणसं गॉटिंगेन, सिएटल, न्यू यॉर्क इथे सूक्ष्मदर्शकांसमोर आणि क्ष-किरणांच्या यंत्रांसमोर बसली होती. बरीच वर्षं ही दोन टोकं एकमेकांना अनोळखी होती. दोन्हीकडे चाललेला शोध मात्र एकाच गोष्टीचा होता: पेशीच्या पातळ पडद्यात बसलेल्या प्रथिनांच्या दारांचा.

आधी भगताबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. तो लबाड होता म्हणून लोक त्याच्याकडे जात नव्हते. तांबडा विंचू चावलेल्या पुष्कळ लोकांना नुसतीच कळ येते. ती भयंकर असते, हात खांद्यापर्यंत ठणकतो, माणूस गडाबडा लोळतो, पण दिवसभरात ती आपोआप ओसरते. या लोकांना भगताकडे नेलं काय आणि न नेलं काय, ते बरेच होणार होते. उरलेल्या थोड्यांमध्ये कळ फारशी जाणवतही नाही आणि शरीर आतून पेटतं. भगताचं यश पहिल्या गटातून यायचं आणि अपयशाला नशीब म्हटलं जायचं. हे दोन गट चावल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांतच कसे ओळखायचे, हा खरा प्रश्न होता. तो प्रश्न आहे हेही फार कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

१९६१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. मुंडले यांचं एक पत्र छापून आलं. विंचू चावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांत पाणी भरतं आणि ते त्यातच जातात, असं त्यांनी लिहिलं होतं. त्या काळात रुग्णालयात पोचलेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. १९६७ मध्ये इस्रायलच्या डॉ. गेरॉन यांनी तिकडच्या विंचवाच्या दंशाने हृदयाचे स्नायू दुखावतात हे दाखवलं. १९७८ मध्ये परळच्या हाफकिन संस्थेतल्या डॉ. गायतोंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपल्या तांबड्या विंचवाच्या विषाने फुप्फुसात पाणी कसं होतं यावर लिहिलं. म्हणजे मरणाचं कारण कळत चाललं होतं. पण तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता बैलगाडीतून पोर आलं तर त्याला काय द्यायचं, हे त्यातून कळत नव्हतं. कोणी ॲट्रोपीन देई, कोणी स्टिरॉइड, कोणी गुंगीच्या औषधांचं मिश्रण. यातल्या काही औषधांनी आधीच धावणारं हृदय आणखी पळायचं.

हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले, देहेड गावचे. शेतकऱ्याचा मुलगा, गरिबीतून नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोचलेला. आपल्या त्या प्रवासावर त्यांनी 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मचरित्र लिहिलं आहे. १९७६ साली त्यांची नेमणूक महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. तिथे विंचू चावलेली माणसं येत आणि डोळ्यांदेखत जात. पुस्तकात याबद्दल जेमतेम काही ओळी होत्या.

बावस्करांनी जे केलं ते सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे. ते रुग्णाच्या उशाशी बसले आणि लिहीत गेले. किती वाजता चावला, किती वाजता उलटी झाली, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती, तासाभराने किती. मुलग्यांमध्ये लिंग ताठ होतं, हे लोक लाजेने सांगत नसत. त्यांनी तेही विचारलं आणि लिहिलं. अशा नोंदी साचत गेल्या तसा एक क्रम दिसू लागला. उलटी, दरदरून घाम, ताठरलेलं लिंग, बर्फासारखे हातपाय ही चार चिन्हं ज्यांच्यात पहिल्या तासांत दिसतात, त्यांचाच रक्तदाब पुढे आकाशाला भिडतो, मग हृदय थकतं, फुप्फुसं भरतात आणि फेस येतो. ज्यांना नुसती कळ असते आणि ही चिन्हं नसतात, ते बहुतेक सुखरूप घरी जातात. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. करतानाही हा विषय त्यांनी सोडला नाही. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला. तांबड्या विंचवाच्या दंशात हृदयावर येणाऱ्या संकटाची पूर्वचिन्हं, हा त्याचा विषय होता. सरकारी नोकरीतल्या एका ग्रामीण डॉक्टरने हातातल्या रक्तदाबाच्या यंत्राच्या आणि वहीच्या बळावर हे काम उभं केलं होतं.

तो लेख वाचताना मला आजीचा हात आठवला. घाम म्हणजे विष उतरण्याची खूण नव्हती. घाम हीच धोक्याची पहिली घंटा होती, आणि तिथून मुलाच्या हाती काही तास उरले होते. एकनाथ महाराजांच्या विंचवाच्या भारुडातही चावल्यावर घाम येतो. पैठणच्या त्या कवीने ही खूण साडेचारशे वर्षांपूर्वी टिपली होती. ती ऐकत मोठे झालेले आम्ही तिच्याकडे पाहायला शिकलो नाही.

आता तो घाम का येतो ते पाहू. त्यासाठी विंचवापासून थोडं दूर जावं लागेल, पण शहापूर तालुका सोडायची गरज नाही.

भातसा धरण डोळ्यांसमोर आणा. वर अफाट पाणी, खाली नदीचं पात्र, मध्ये भिंत. भिंतीत दरवाजे नसते तर त्या पाण्याचा उपयोग शून्य. आपल्या प्रत्येक मज्जापेशीची अशीच स्थिती आहे. तिचा पडदा म्हणजे चरबीच्या रेणूंचे दोन थर, जाडी मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाइतकी. सोडियमचे आयन बाहेरच्या बाजूला दाटलेले असतात, आतल्यापेक्षा दहापटीहून जास्त. विद्युतभार असलेला हा कण चरबीतून पार होऊ शकत नाही. त्याला दार लागतं. ते दार म्हणजे पडद्यात आरपार रोवलेलं एक मोठं प्रथिन, सोडियम चॅनल. शिवाय पाणी परत वर चढवणारा पंपही तिथे आहे. तो दर खेपेला सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंमध्ये तो १९५७ साली शोधला, त्याबद्दल त्यांना १९९७ चं नोबेल मिळालं.

सोडियमचं दार विजेच्या इशाऱ्यावर उघडतं. पडद्याच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब जरा ढळला की प्रथिनाचा एक भाग सरकतो, दार उघडतं, सोडियम आत धावतो आणि संदेश पुढे जातो. पण जादू बंद होण्यात आहे. हजारांश सेकंदाच्या आसपास दार आपोआप मिटतं. ते मिटतं म्हणूनच एक संदेश संपतो आणि दुसऱ्याला जागा होते. हॉजकिन आणि हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञांनी माकुळाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून या उघडझापीचं गणित १९५२ साली मांडलं. गंमत अशी की तेव्हा दार कोणी पाहिलेलं नव्हतं. पाण्याचा लोंढा मोजून त्यांनी दरवाजांची रचना ताडली होती.

तांबड्या विंचवाच्या विषातला मुख्य घटक याच दारात अडसर घालतो. दार उघडतं, पण मिटत नाही. स्वायत्त चेतासंस्थेचे मज्जातंतू एकदा सुरू झाले की थांबतच नाहीत. ॲड्रिनल ग्रंथी आणि मज्जातंतूंची टोकं मिळून ॲड्रिनलीन आणि नॉरॲड्रिनलीनचा पूर सोडतात. घामाच्या ग्रंथी फुटून वाहतात. त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून हातपाय गार पडतात. सगळ्या शरीरातल्या धमन्या आवळल्या की हृदयाला बंद नळाच्या विरुद्ध पंप मारावा लागतो. ते काही तास लढतं, मग मागे साचलेलं पाणी फुप्फुसांत उतरतं. बिरवाडीच्या वहीतला प्रत्येक शब्द या एका अडकलेल्या दारातून निघाला होता. वही लिहिणाऱ्याला दार दिसत नव्हतं. हॉजकिन-हक्सलींप्रमाणेच बावस्करही लोंढा मोजत होते. फक्त त्यांच्यापुढे माकुळाचा तंतू नव्हता, शेतकऱ्याचं पोर होतं.

१९७६ हे साल मी पुन्हा पुन्हा आठवतो. ज्या वर्षी बावस्कर बिरवाडीत रुजू झाले, त्याच वर्षी जर्मनीत गॉटिंगेन इथे एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी काचेच्या केसाएवढ्या नळीचं टोक स्नायूपेशीच्या पडद्याला लावून एका सुट्या चॅनलमधून वाहणारा प्रवाह मोजला. एक दार उघडलं, एक दार मिटलं, असा आलेख प्रथमच कागदावर उमटला. त्यांना १९९१ चं नोबेल मिळालं.

पण दाराचं प्रथिन हातात कसं यावं? पडद्यातली प्रथिनं पाण्यात विरघळत नाहीत, बाहेर काढली की त्यांचा आकार बिघडतो आणि एका पेशीत ती थोडी असतात. हजारो प्रथिनांच्या गर्दीत सोडियमचं दार नेमकं कोणतं, हे सांगायला खूण हवी होती. ती विंचवाने दिली. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये विल्यम कॅटरॉल आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये वाळवंटी विंचवाच्या विषाचा रेणू घेतला. तो हजारोंच्या गर्दीतून नेमका सोडियम चॅनललाच जाऊन चिकटतो. त्याला त्यांनी प्रकाश पडताच पक्का जोडला जाईल असा हुक लावला आणि ज्याला तो जोडला गेला ते प्रथिन वेगळं काढलं. शास्त्रज्ञांनी दार ओळखलं ते विंचवाने त्यावर मारलेल्या शिक्क्यावरून. चार वर्षांनी, १९८४ मध्ये, जपानमध्ये क्योटोच्या शोसाकू नुमा यांच्या गटाने विजेच्या ईल माशातल्या सोडियम चॅनलची अमिनो आम्लांची संपूर्ण माळ वाचली.

बिरवाडी-महाडकडे परत येतो, कारण ही वर्षं तिथेही निर्णायक होती. रक्तवाहिन्या आवळल्या जाणं हा रोगाचा गाभा असेल तर त्या सैल करणारं औषध हवं, इथवर बावस्कर पोचले होते. पहिला मार्ग सोडियम नायट्रोप्रुसाइडचा होता. ते औषध शिरेतून थेंबथेंब द्यावं लागतं, बाटलीला उजेड लागू द्यायचा नाही, आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवावी लागते. त्याने रुग्ण वाचत होते. पण ज्या आरोग्य केंद्रात एक डॉक्टर, एक परिचारिका आणि भरवशाची नसलेली वीज, तिथे ते दर रात्री कोण चालवणार? मग प्राझोसिन. रक्तदाबाची साधी गोळी, औषधाच्या दुकानात मिळणारी, तोंडाने घ्यायची. १९८६ मध्ये हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दोघांच्या नावाने 'लॅन्सेट'मध्ये विंचूदंशावरच्या प्राझोसिनचा लेख आला.

ही गोळी विषाला हातही लावत नाही. सोडियमचं दार तसंच अडकून राहतं, नॉरॲड्रिनलीनचा पूर तसाच चालू असतो. पण धमन्यांच्या स्नायूपेशींच्या पडद्यावर आणखी एक प्रथिन बसलेलं आहे. ते हा निरोप ऐकतं आणि आवळण्याचा हुकूम आत देतं. प्राझोसिन नेमक्या त्या प्रथिनावर जाऊन बसतं. निरोप येतो, पण ऐकायला कोणी नाही. धमन्या सैल राहतात, हृदयाचं ओझं उतरतं आणि विष आपोआप ओसरेपर्यंत माणूस तग धरतो. एक काळजी मात्र घ्यावी लागते. पहिल्या गोळीनंतर उठून बसलं तर रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं. पुढच्या वर्षांत वेळेवर हे उपचार मिळालेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं. शंभरातल्या तिसावरून एकाच्याही खाली. माझ्या दृष्टीने स्वतंत्र भारतातल्या ग्रामीण वैद्यकाच्या सर्वांत मोठ्या कामांत याची गणना व्हायला हवी. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली, ती उशिरा झाली असंच मी म्हणेन.

प्राझोसिनच्या लेखानंतर चार वर्षांनी आपला तांबडा विंचू स्वतःच जगाच्या प्रयोगशाळांत पोचला. अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत मारिया गार्सिया आणि सहकारी पोटॅशियमच्या दारांवर काम करत होते. १९९० मध्ये त्यांनी ब्यूथस टॅम्युलसच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचा एक छोटा रेणू वेगळा केला. पोटॅशियम चॅनलचे कितीतरी प्रकार आहेत. हा रेणू त्यातल्या एकाच प्रकाराला, कॅल्शियमने उघडणाऱ्या मोठ्या वाहकतेच्या चॅनलला, बाटलीला बूच लावावं तसा बंद करतो. बाकीच्यांना सहसा शिवत नाही. अशी नेमकी किल्ली हाती आल्यावर धमन्यांत, मूत्राशयात, मेंदूत हे चॅनल कुठे आहे आणि काय करतं याचा शोध शेकडो प्रयोगशाळांत सुरू झाला. आजही तो रेणू कुपीत विकत मिळतो. त्याचं नाव आयबेरिओटॉक्सिन. त्या नावात ना भारत आहे, ना कोकण, ना टॅम्युलस. मला याची खंत वाटते. ज्याच्या दंशाने आमच्या वाड्यांवर पोरं गेली, त्याच जातीच्या विषाने विज्ञानाला एक किल्ली दिली, एवढं तरी मराठी शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात यावं.

विंचवाच्या विषाने पोटॅशियमच्या दाराचा उंबरा चाचपडणाऱ्यांत रॉडरिक मॅकिनन हे तरुण डॉक्टरही होते. बूच कुठे बसतं हे कळलं तर तोंड कुठे आहे ते कळतं, हा त्यांचा हिशेब होता. पण त्यांना दार पाहायचंच होतं. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात त्यांनी मातीतल्या एका जिवाणूचं पोटॅशियम चॅनल घेतलं, त्याचे स्फटिक बनवले आणि १९९८ च्या एप्रिलमध्ये 'सायन्स'मध्ये त्याची अणुपातळीवरची रचना मांडली. जिवाणू स्ट्रेप्टोमायसिस कुळातला. पहिल्या वळवाला मुरबाडच्या माळावर मातीचा जो वास सुटतो, तो देणाऱ्यांतलंच हे कूळ. जिवाणूचं चॅनल आपल्या चॅनलसारखंच आहे का, ही शंका राहिली होती. तिचं उत्तर पुन्हा विंचवाच्या विषानेच दिलं. त्या चॅनलच्या काही अमिनो आम्लांत फेरफार केल्यावर विष त्याला घट्ट धरतं, म्हणजे उंबऱ्याची घडण तीच आहे.

त्या रचनेत एका जुन्या कोड्याचा उलगडा होता. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान असूनही पोटॅशियमच्या दारातून तो का जात नाही? पाण्यात आयन एकटा नसतो, त्याला पाण्याचे रेणू चारी बाजूंनी बिलगलेले असतात. दारातून जाताना ते सोडावे लागतात. पोटॅशियमच्या दारातल्या अरुंद बोळात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर उभे आहेत, की पोटॅशियमला पाण्याची उणीव भासत नाही. त्याला हात द्यायला दोन्हीकडे कोणी ना कोणी असतं. सोडियम लहान, त्याचा हात पोचत नाही, म्हणून तो पाणी सोडायला तयार होत नाही आणि बाहेरच राहतो. इतकी काटेकोर निवड करूनही त्या दारातून सेकंदाला कोटीच्या घरात आयन जातात. मॅकिननना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पाण्याचं दार शोधणारे पीटर ॲग्रे त्यात सहमानकरी होते.

उरला होता बिरवाडीचा प्रश्न. विष सोडियमच्या दारात नेमकं कुठे अडकतं? त्याचं चित्र २०१९ मध्ये आलं. अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उत्तर आफ्रिकेतल्या एका विंचवाचं विष सोडियम चॅनलला चिकटलेल्या अवस्थेत टिपलं गेलं. चॅनलचे चार भाग असतात आणि प्रत्येकाला विद्युतदाब ओळखणारी एक तरफ असते. चौथी तरफ वर सरकली की दार मिटण्याची कळ दाबली जाते. विष बाहेरून येऊन त्याच चौथ्या तरफेला खाली दाबून धरतं. तरफ सरकत नाही, कळ दाबली जात नाही, दार मिटत नाही. आपला तांबडा विंचू ज्या गटाची विषं बाळगतो, त्यांचं काम असंच चालतं. १९६१ च्या पत्रापासून या चित्रापर्यंत ५८ वर्षं गेली.

मधल्या काळात विषाला थेट भिडणारा उपायही आला. हाफकिनने घोड्यांमध्ये तांबड्या विंचवाच्या विषाविरुद्ध प्रतिविष तयार केलं. ते विषाचे रेणू दाराला चिकटण्याआधी रक्तातच पकडतं. चिपळूणच्या डॉ. नातू आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याचा अनुभव प्रसिद्ध केला. बावस्कर दांपत्याने तर आपल्याच प्राझोसिनची त्याच्याशी तुलना केली. ७० रुग्ण, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दोन्ही दिलेल्यांतले ३५ पैकी ३२ जण १० तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर ८. हा अभ्यास २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला, ज्या नियतकालिकात ५० वर्षांपूर्वी मुंडल्यांचं पत्र आलं होतं. ज्या औषधावर आपलं नाव उभं आहे त्याला पुरवणी लागते हे स्वतःच मोजून जाहीर करणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

शहापूरला आज उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, वाटेत प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. डोळखांब, किन्हवली, धसई, टोकावडे या पट्ट्यातल्या डोंगरकुशीतल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरून मात्र रात्री तिथवर येणं अजून सोपं नाही. आधी डांबरी रस्त्यापर्यंत झोळीतून, मग मिळेल त्या जीपने. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेल्या कुटुंबांचे संसार तर झापाच्या खोपटात, विटांच्या ढिगाऱ्यांशेजारी, म्हणजे विंचवाच्या अंगणातच असतात. दाराची तरफ कुठे अडते हे जगाला कळलं आहे. घामाचा अर्थ अजून प्रत्येक वाडीला कळलेला नाही.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या आशाताईंना, शिक्षकांना, सरपंचांना आणि भगतांनाही माझी विनंती आहे. विंचू चावलेल्या माणसाला उलटी झाली, घाम फुटला किंवा हातपाय गार पडले, तर विष उतरतंय असं म्हणू नका. त्याला निजवून ठेवा, चालवू नका, आणि थेट सरकारी रुग्णालयात न्या. निघण्याआधी दोन वेळा एका कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवा: विंचू चावला ती वेळ आणि घाम फुटला ती वेळ.